तपासणीच्या आधीचे पाच दिवस

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे मॅनेजर म्हणतात, आणि तसं म्हणायला त्यांनीच लावलंय. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ मॅनेजर म्हणून. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी दारावरच्या पाटीवर नावाखाली 'कॅन्टीन मॅनेजर' आहेच. पाटी नव्याने रंगवायला दिली तेव्हा रंगाऱ्याने विचारलं, 'निवृत्त' घालू का? तर म्हणाले, "जागा पुरणार नाही." वीतभर जागा मोकळी आहे त्या पाटीवर. मी स्वतः बघितलीय.

त्यांच्याबद्दल माझ्या तोंडून फारसं चांगलं निघणार नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, भला माणूस, बायकोसाठी केवढं केलं. केलं ना. काय केलं तेच सांगायला बसलेय.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढते, गेली सत्तावीस वर्षं. हजारो दंड बघितले. मॅनेजरांचा मात्र अजून बघायला मिळालेला नाही, कारण सुई नुसती दिसली तरी त्यांना घेरी येते. जगाला औषधं सांगत फिरणारा हा माणूस, स्वतःची साखर तपासायची म्हटलं की त्या दिवशी नेमकं कुठलं तरी महत्त्वाचं काम निघतं.

त्यांची अख्खी नोकरी तपासणीत गेली. तपासणी म्हणजे कॅन्टीनची. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी इन्स्पेक्टर यायचा, आणि त्याच्या आधी पाच दिवस कॅन्टीनचं रूप पालटायचं. कपाटातले पांढरे एप्रन बाहेर निघायचे, पातेल्यांवर झाकणं यायची, काळं पडलेलं तेल मागच्या शेडमध्ये जायचं आणि मांजर पोत्यात घालून रखवालदाराच्या खोलीत. मंगळवारी इन्स्पेक्टर चहा पिऊन 'उत्तम' असा शेरा मारून जायचा. बुधवारी मांजर पुन्हा ओट्यावर. एकतीस वर्षांत एकदाही शेरा वाईट आला नाही, हे ते छाती फुगवून सांगतात. एकदा दुपारच्या जेवणातून साठ कामगार जुलाबाने आडवे झाले होते. पण ते तपासणीच्या दिवशी झालं नव्हतं, त्यामुळे मॅनेजरांच्या लेखी ते झालंच नाही. स्वच्छतेची पाच प्रशस्तिपत्रं फ्रेम करून त्यांच्या दिवाणखान्यात लावलीयत. ताई दर आठवड्याला त्यांच्या काचा पुसायची.

निवृत्त झाल्यावर या माणसाला हुकूम सोडायला कोणी उरलं नाही. मग मोबाइल आला, मोबाइलवर नाना प्रकारचे वैद्य आले, आणि मॅनेजर सहा महिन्यांत अर्धे डॉक्टर झाले. अर्धे म्हणजे धोक्याच्या बाजूचे अर्धे. बिल्डिंगमध्ये कोणी शिंकलं की हे जिना उतरून खाली हजर.

तळमजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई राहते. तिला थायरॉइडची गोळी चालू होती. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि कॅल्शियमची, लोहाची गोळी चार तास सोडून. मॅनेजरांनी तिला अक्कल शिकवली, "चार-चार वेळा कशाला लक्षात ठेवायचं? सगळ्या एका मुठीत घ्या, वर ग्लासभर दूध प्या. दुधाने गोळीची उष्णता मरते." झालं. थायरॉइडच्या गोळीला त्या कॅल्शियमने आणि लोहाने पोटातच धरून ठेवलं, रक्तात उतरू दिलं नाही. बाईचे पाय सुजले, आवाज घोगरा झाला, मशीनवर बसल्या बसल्या डोळे मिटायला लागले. डॉक्टरांनी डोस वाढवला, पुन्हा वाढवला. पाच महिन्यांनी कोणीतरी तिला विचारलं की बाई, गोळी घेता कशी? तेव्हा उलगडा झाला. मॅनेजरांना सांगितलं तर म्हणाले, "दूध पातळ असेल."

बिल्डिंगच्या वॉचमनची तर वेगळीच कथा. त्याला सर्दी झाली, दुकानातून त्याने सर्दीची झोप आणणारी गोळी आणली. मॅनेजर म्हणाले, दोन घोट दारू मारून घे, गोळी लवकर लागू होते. गोळी इतकी लागू झाली की तो पार्किंगच्या तीन पायऱ्यांवरून खाली आला आणि मनगट मोडून बसला. त्यावर यांचं म्हणणं काय, तर त्या पायऱ्यांचा उतारच चुकीचा आहे. स्वतःची चूक म्हणून या माणसाला आयुष्यात कधी सापडली नाही. सापडणार कशी, शोधलीच नाही.

मी हे सगळं ऐकून हसायचे. लॅबमध्ये डब्याच्या वेळी मैत्रिणींना मॅनेजरांचे किस्से रंगवून सांगायचे, आणि त्याही पोट धरून हसायच्या. तेव्हा ते दुसऱ्यांच्या घरचं होतं.

मग ताईचं ऑपरेशन झालं. हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापाने खराब झालेली होती, ती काढून धातूची बसवली. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची. ही गोळी फार नाजूक. कमी पडली तर गुठळी होते, ती सुटून मेंदूत जाऊ शकते. जास्त झाली तर आतल्या आत रक्तस्राव. मधल्या चिंचोळ्या वाटेवरून माणसाला चालवायचं, आणि ती वाट सापडली की नाही हे रक्ताच्या तपासणीतून कळतं. आयएनआर म्हणतात त्या आकड्याला. ताईचा आकडा अडीच ते साडेतीनमध्ये राहायला हवा होता.

घरी सोडताना हृदयाच्या डॉक्टर मॅडमनी दोघांना समोर बसवून सांगितलं. मीही होते. "पालेभाज्या बंद करायच्या नाहीत," मॅडम म्हणाल्या, "पण एकदम वाढवायच्याही नाहीत. हिरव्या पानांमध्ये असं जीवनसत्त्व असतं की ते या गोळीच्या उलट काम करतं. रोज साधारण तेवढंच खा, मी त्याप्रमाणे डोस बसवते. आणि बदललं काही, नवीन पावडर म्हणा, काढा म्हणा, की मला सांगा."

मॅनेजर अगदी शहाण्यासारखी मान डोलवत होते. रिक्षात बसल्याबसल्या मला म्हणाले, "ऐकलंस ना मेहुणीबाई? पालेभाजी बंद करायची नाही म्हणाल्या. म्हणजे डॉक्टरांनाही पटलंय." मॅडमचं निम्मं वाक्य कानात शिरलं होतं, निम्मं केबिनमध्येच राहिलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले तर स्वयंपाकघरात मिक्सर धडाडतोय. पालकाची जुडी, कोबीची बाहेरची हिरवी पानं, कोथिंबीर, वर डब्यातली कसलीशी हिरवी पावडर दोन चमचे. पेलाभर गर्द हिरवा रस गाळून मॅनेजर ताईसमोर उभे. ताईने नाक मुरडलं आणि डोळे मिटून पिऊन टाकला. लग्न झाल्यापासून या बाईने जे समोर आलं ते डोळे मिटूनच गिळलंय, माझी बहीण असली तरी मला तिचा राग येतो तो याचसाठी.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "भावोजी, तुम्हाला मॅडमनी काय सांगितलं? हे रोज पाजलंत तर गोळीचा काही उपयोग होणार नाही. गुठळी होईल तिला!"

"अगं, पाला आहे तो, विष नाही."

"विष परवडलं, विषावर निदान नाव असतं. बंद करा हे. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी हात वर केले. "बरं बाई, बंद. तू म्हणतेस तर बंद. झालं समाधान?"

मला वाटलं, घाबरले. डोंबलाचे घाबरले! या माणसाने एकतीस वर्षं इन्स्पेक्टरला असंच 'बंद केलं साहेब' म्हणून परत पाठवलं होतं, आणि मी तरी दुसरी कोण होते? मी दर महिन्याला रक्त काढणारी इन्स्पेक्टर.

आता यांनी काय केलं ते सांगते. मला ते अकरा महिन्यांनी कळलं. रस त्यांनी खरंच बंद केला, पण फक्त तपासणीच्या आधी पाच दिवस. कॅलेंडरवर तपासणीच्या तारखेभोवती गोल, आणि त्याच्या मागच्या पाच चौकटींत बारीक फुल्या. फुल्यांच्या दिवसांत मिक्सर धुऊन कपाटात, पालक घरात नाही, पावडरीचा डबा कपड्यांच्या मागे. त्या पाच दिवसांत रसाचा जोर उतरायचा, गोळी पुन्हा आपलं काम करायला लागायची, आणि सहाव्या दिवशी ताई माझ्यासमोर बाही वर करून बसायची तेव्हा आकडा कसा झकास. तीन. तीन पॉइंट दोन. मी आनंदाने फोन करून सांगायचे, "भावोजी, रिपोर्ट एकदम छान!" आणि पलीकडून मॅनेजर म्हणायचे, "असणारच." त्याच संध्याकाळी मिक्सर पुन्हा सुरू.

म्हणजे महिन्यातले पाच दिवस ताईचं रक्त कागदावरच्यासारखं, आणि उरलेले पंचवीस दिवस धातूच्या झडपेत जाड रक्त. तिच्या जिवाशी असला खेळ चालला होता आणि आम्ही सगळे रिपोर्ट बघून एकमेकांची पाठ थोपटत होतो. दहाव्या महिन्यात तर कहर झाला. त्या खेपेला यांनी जास्तच काटेकोरपणा केला, पाचऐवजी आठ दिवस आधीपासून ताईच्या ताटातली साधी भाजीही बंद केली. आकडा आला चार पॉइंट एक. मॅडम म्हणाल्या, रक्त फार पातळ होतंय, आणि त्यांनी गोळी कमी केली. आधीच कमी पडणारी गोळी आणखी कमी झाली, आणि रस तेवढाच. मॅनेजरांनी सगळ्यांना सांगितलं, "बघा, रसाने गुण आला. गोळी उतरायला लागली."

ताईला हे सगळं माहीत होतं का? होतं. तिला आतलं शास्त्र कळत नव्हतं, पण लपवाछपवी कळत होती. ती माझ्याशी का बोलली नाही, तर घरात वाद नको म्हणून. वाद नको, वाद नको, या दोन शब्दांनी किती बायकांचा जीव घेतलाय याची नोंद कुठल्याच लॅबमध्ये होत नाही.

अकराव्या तपासणीनंतर बारा दिवसांनी, सकाळी साडेनऊला, ताई दिवाणखान्यात फ्रेमच्या काचा पुसत होती. हातातलं फडकं पडलं. उचलायला वाकली ती तशीच कलंडली. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं, आणि बोलायला गेली तर नुसता घरघर आवाज. शेजाऱ्यांनी गाडी काढली म्हणून आमच्या हॉस्पिटलात वेळेवर पोचली. मॅनेजर मागच्या सीटवर बसून तिच्या तळपायाला तेल चोळत होते म्हणे.

मी माझ्या लॅबमधून धावत वर गेले तेव्हा तिचं रक्त आधीच घेतलं होतं. मी आकडा बघितला. एक पॉइंट चार. मी पुन्हा बघितला. बारा दिवसांपूर्वी मीच दोन पॉइंट आठ काढला होता. बारा दिवसांत इतका खाली? मला वाटलं नमुना बदलला असेल, म्हणून मी स्वतः पुन्हा काढला. एक पॉइंट चारच आला.

तिसऱ्या दिवशी मॅडम वॉर्डात आल्या. खिडकीजवळची खाट, ताई उशांना टेकून, नाकात नळी. तिला गिळता येतंय की नाही याची खात्री झाली नव्हती, म्हणून तोंडाने काही द्यायचं नाही असा मोठा कागद खाटेच्या डोक्याशी चिकटवलेला. मॅनेजर स्टुलावर, इस्त्रीचा शर्ट घालून. हो, इस्त्रीचा! साहेब येणार म्हटल्यावर इस्त्री विसरतील ते कसले मॅनेजर.

"गोळ्या चुकल्या का मध्ये?" मॅडमनी विचारलं.

"एकही नाही. मी स्वतः हातावर ठेवतो." हे खरं होतं.

"खाण्यात काही नवीन? रस, काढे, पावडरी?"

"छे छे मॅडम. घरचं साधं जेवण. काही नाही."

मॅडम थोडा वेळ कागद चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग यांना हा डोस पुरतच नाहीये. दोन-तीन दिवसांनी गोळी परत सुरू करू, तेव्हा बराच वाढवून द्यावा लागेल. जवळजवळ दुप्पट."

यात केवढा धोका होता ते मला नंतर कळलं. कारण या वॉर्डात रस नव्हता. इथे नळीतून मोजून मिळणारं पातळ अन्न होतं. रस पीत असलेल्या बाईला जो डोस कमी पडला, तो दुप्पट करून रस नसलेल्या बाईला दिला तर नुकताच मार बसलेल्या त्या मेंदूत रक्तस्राव व्हायला किती वेळ लागणार? पण घरी रस चालू होता हे तेव्हा मला तरी कुठे ठाऊक होतं? मला फक्त त्या आकड्यांचा हिशेब लागत नव्हता, आणि समोर तो इस्त्रीचा शर्ट दिसत होता.

"भावोजी," मी म्हटलं, "तो रस बंद आहे ना?"

"तू सांगितलंस त्याच दिवशी बंद केला." डोळ्याची पापणी हलली नाही त्यांच्या.

तेवढ्यात खाट वाजली. ताईने डावा हात चादरीतून बाहेर काढला होता. तिने मूठ अर्धवट मिटली, पेला धरल्यासारखी, आणि ती मूठ तोंडाकडे नेली. एकदा, दोनदा. डोळे नवऱ्यावर.

"पाणी मागतेय बिचारी," असं म्हणून मॅनेजर उठले, बाटलीतून ग्लास भरला आणि तिच्या ओठांना लावायला वाकले.

"अहो! तोंडाने काही द्यायचं नाही!" मॅडम ओरडल्या. "श्वासात जाईल!"

पण मॅडमचा हात पोचायच्या आधी ताईचा पोचला. तिने त्या ग्लासाला असा फटका मारला की सगळं पाणी त्या इस्त्रीच्या शर्टावर. मग तिने तोच हात पुढे केला आणि बोट नवऱ्याच्या छातीवर रोखलं. घशातून घरघर येत होती, पण बोट खाली येत नव्हतं. लग्नाला चौतीस वर्षं झाली. या बाईने नवऱ्याकडे बोट दाखवलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

मॅनेजर स्टुलावर बसले. रुमालाने शर्ट टिपला. आणि मग, देवा, काय सांगू, त्यांनी जे सांगितलं ते लाजून नव्हे, तर समजावून सांगितल्यासारखं. "मॅडम, रस म्हणजे काही औषध नव्हे. पालक, कोबी, कोथिंबीर. शक्तीसाठी एक पावडर. आणि आम्ही काळजी घेत होतो. तपासणीच्या आधी पाच दिवस पूर्ण बंद ठेवायचो, रिपोर्ट स्वच्छ यावा म्हणून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "रिपोर्ट कोणासाठी स्वच्छ?"

"पाच दिवस, मॅडम. पूर्ण बंद," मॅनेजर पुन्हा म्हणाले. प्रश्नच कळला नव्हता त्यांना. मी शपथेवर सांगते, आजही कळलेला नाही. किळस आली मला त्या माणसाची, तिथेच, त्या ओल्या शर्टासकट. वाटलं, कॉलर धरून वॉर्डाबाहेर काढावं आणि पुन्हा या बाईच्या वाऱ्याला उभं करू नये.

मॅडमनी वाढवलेला डोस खोडला. किती रस, किती पावडर, कुठल्या दिवशी बंद, सगळं विचारून लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या लॅबमध्ये या गोळीच्या पेशंटना दर वेळी विचारतात ना, आहारात काही बदल, नवीन काही चालू केलंय का? फॉर्मवर रकाना असतो."

"असतो," मी म्हटलं.

"यांच्या फॉर्मवर काय लिहिलंय?"

प्रत्येक पेशंटला मी तो प्रश्न विचारते. म्हाताऱ्यांना दोनदा विचारते, उत्तर येईपर्यंत सुई उचलत नाही, नव्या मुलींनाही तसंच शिकवते. फक्त ताईला कधी विचारला नाही. घरचंच माणूस, तिला काय विचारायचं? ती बाही वर सरकवेपर्यंत मी रकाना भरून मोकळी व्हायचे. विचारलं असतं तर ती माझ्या तोंडावर खोटं बोलली नसती. नवऱ्यासाठी ती गप्प बसली असती, पण खोटं नसती बोलली.

"अकराही फॉर्मवर 'नाही' लिहिलंय," मी म्हटलं.

"हे कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच लिहिलं."

मॅडमनी तेही लिहून घेतलं. मी ताईकडे बघितलं. तिचं बोट अजून मॅनेजरांकडेच होतं.